चाफ्याचं फूल आणि सुके बोंबील

निवृत्त पोलीस अधिकारी लिहायला बसले की 'ती घटना आजही आठवते' असं म्हणून सुरुवात करतात आणि दुसऱ्या पानावर स्वतःच्या हुशारीवर येतात. मला जी घटना आठवते ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, घरीसुद्धा नाही. आमच्या गावच्या वाचनालयाने वार्षिक अंकासाठी लेख मागितला आणि विषयही चिटणीसच देऊन गेले: साध्या माणसांवर संकट ओढवतं अशा रहस्यकथा आपल्याला का आवडतात? चिटणीसांना वाटलं असेल, हा माणूस जन्मभर पोलिसात होता, शिवाय रहस्यकथांच्या कपाटातलं एक पुस्तक सोडत नाही. दोन-चार गमतीचे किस्से लिहील. किस्सा आहे. गमतीचा नाही.

आधी विषयाचं उत्तर देऊन टाकतो. मी मूळचा देशावरचा. वडील पोस्टात कारकून. आमच्या घरात कधी काही घडलं नाही आणि घडू नये याचीच सगळे काळजी घेत. त्यामुळे असेल, मला पुस्तकात तरी काही घडायला हवं असे. हुशार गुप्तहेरांच्या गोष्टी मला फारशा रुचत नसत. मला आवडत त्या दुसऱ्या तऱ्हेच्या कादंबऱ्या. एखादा शाळामास्तर, एखादा शिंपी, एखादी कचेरीतली बाई. सकाळी डबा घेऊन घरून निघते, चुकून दुसऱ्याचीच बॅग उचलते आणि संध्याकाळपर्यंत टोळी तिच्या मागावर. कालपर्यंत जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, तिच्या प्रत्येक हालचालीला आता अर्थ आलेला असतो. छत्री उजव्या हातात धरली की डाव्या, यावर तिचा जीव टांगलेला असतो. वाचणारा तिच्यासारखाच साधा. त्याला वाटतं, आपल्यावरही अशी वेळ येईल आणि आपणही निभावून नेऊ. आणि ती शेवटच्या पानावर सुखरूप घरी येणार हे त्याला आतून ठाऊक असतं. म्हणून या कथा आवडतात. मला अजून आवडतात, हेही इथेच कबूल करतो.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. फौजदार म्हणून माझी पहिली स्वतंत्र नेमणूक वसईच्या बाजूला झाली. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. कोणत्या चौकीत बसत होतो ते लिहीत नाही, आणि या लेखात कोणाचं नावही देणार नाही. राज्यात दारूबंदी आणि वर दमण पोर्तुगीजांच्या ताब्यात. मधे नुसता समुद्र. तेव्हा काय चालत असेल ते ओळखायला फौजदार लागत नाही. मासेमारीच्या होड्यांतून दमणची दारू येई, घड्याळं येत. आम्ही महिन्यातून एखादी हातभट्टी फोडायचो, मडकी फुटल्याचा पंचनामा करायचो आणि वर अहवाल पाठवायचो. मोठा मासा काही गळाला लागत नव्हता.

चौकीत माझ्या हाताखाली एक जुने हवालदार होते. खाडीकाठच्या शेतकरी घरातले, इथेच जन्मलेले. त्या पट्ट्यातली प्रत्येक वाट, प्रत्येक घर आणि कोणाचं कोणाशी पटत नाही हे त्यांना तोंडपाठ. माझं वय सव्वीस, त्यांची नोकरीच तेवढी झालेली. दुपारी जेवण झालं की मी टेबलाच्या खणातून कादंबरी काढत असे. ते दारात बसून तंबाखू मळत म्हणत, "सायबांची पोथी चालू झाली." मी हसायचो, पण मनात म्हणायचो, या म्हाताऱ्याला काय कळणार. माझ्या पुस्तकांतले हवालदार नेहमी जाडे, झोपाळू आणि पोटात काही न ठेवणारे असत. आमचे हवालदार सडपातळ होते आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून चौकीतली एक गोष्ट बाहेर गेली नव्हती. हे मला दिसत होतं. तरी माझा विश्वास पुस्तकावर.

अशाच एका दुपारी हवालदार समन्स बजावायला गेलेले असताना एक कोळीण टोपली घेऊन दारात आली. ख्रिस्ती, तिशी ओलांडलेली, काटक. मी समजलो मासळी विकायला आली.

"सायब, वाईच आत येऊ? विकायला नाय आले."

खबर द्यायला येणारा माणूस बोलताना दाराकडे बघत असतो. हा माझा पुढे झालेला अनुभव. ही बाई सरळ माझ्याकडे बघत होती. तिने टोपली खाली ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं.

"माजा दादला दोन वर्सांपूर्वी दर्यात गेला. गावाला सांगितलं मासेमारीला पडला. खोटं हाय. दमनवरून माल भरून येत होते. होडी जड झालेली, वारा फिरला. दादला गेला, माल मातर वाचवला. आता त्याच होडीवर माजा भाव जातो. चार पोरं हायेत त्याला. मी त्याच्याच घरात ऱ्हाते."

"मग भावाला सांग, जाऊ नको म्हणून."

"सांगून दमले. नाखवा सोडत नाय त्याला, आनि त्याला पन चटक लागली." नाखवा म्हणजे होडीचा मालक. "सायब, मला इनाम नको. ती होडी बंद करा. भावाला धरलात तरी चालंल. तुरुंगात जिता तरी ऱ्हाईल. पन माजं नाव येता कामा नये. गावाला समजलं चुगली घरातून गेली, तर भावाला दर्यातच ढकलतील. भावाला पन समजता नये."

मी नाव येणार नाही असा शब्द दिला. मग विचारलं, माल कधी येतो ते तुला कसं कळतं?

त्या किनाऱ्यावरची कामाची रीत तेव्हा मला नीट माहीत नव्हती, तिने सांगितली. प्रत्येक होडीच्या ठरलेल्या बाया असतात. होडी लागली की त्या टोपल्या घेऊन किनाऱ्यावर हजर राहतात, मासळी वाटून घेतात आणि बाजाराला नेतात. ही त्याच होडीची बाई होती. "माल यायचा त्या दिवशी नाखवाकडून सकाळीच निरोप येतो, आज बायांनी किनाऱ्यावर येऊ नका. होडी गावाला लागतच नाय. राजोडीच्या किनाऱ्याला लागते, भर दुपारी, भरतीच्या वक्ताला. रातचं उतरवलं तर कुत्रं पन भुकतं. दुपारी कोन बघतो?"

इतकी स्वच्छ, नेमकी बातमी मला पुढच्या सबंध नोकरीत क्वचितच मिळाली. आता प्रश्न एवढाच राहिला होता, की निरोप आला हे तिने मला त्या दिवशी कळवायचं कसं. तिने चौकीत वारंवार येणं धोक्याचं होतं. नालासोपाऱ्याच्या बाजारात ती रोज बसत असे. तिथे माझा माणूस ठेवायचा आणि तिने खूण करायची, इथपर्यंत बरोबर होतं.

माझ्या खणात त्या आठवड्यात एक कादंबरी होती. तिच्यातली टायपिस्ट बदमाशांच्या कचेरीत अडकते आणि पोलिसांना इशारा म्हणून केसांत फूल खोवून बाहेर पडते. ते प्रकरण मी दोनदा वाचलं होतं. समोर ही साधी बाई, तिच्या घरात चाललेला गुन्हा, जिवाची भीती. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी लिहितानाही लाज वाटते, पण झाला होता.

मी म्हणालो, "निरोप आला की त्या दिवशी केसांत एक फूल माळून बाजारात ये. माझा माणूस लांबून बघेल."

तिने टोपलीवरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "फूल?"

"हो. कुठलंही. लांबून दिसतं."

"फूलच पाह्यजे?"

"हो, तेच ठरलं."

तिने टोपली उचलली. "बरं, सायब," एवढंच म्हणाली.

आता माझी अक्कल किती चालली होती ते सांगतो. ती विधवा आहे हे तिनेच मला सांगितलं होतं. बाजारातल्या बाकीच्या ख्रिस्ती बायकांच्या केसांत फुलं असत आणि हिच्या केसांत कधी नसे, हेही मी पुढच्या दोन दिवसांत सायकलवरून जाता-येता पाहिलं. पाहिलं आणि खूश झालो, की रोज नसतं म्हणजे ज्या दिवशी असेल त्या दिवशी चटकन लक्षात येईल. का नसतं, हे विचारलं नाही. आमच्याकडे विधवेने फूल माळलं तर काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण यांच्यात कुंकू नाही, मंगळसूत्राची तऱ्हा वेगळी, मग विधवेला फुलाची बंदी तरी कुठून असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. हवालदारांना एक शब्द विचारला असता तर तिथेच उलगडा झाला असता. पण पुस्तकातला अधिकारी बेत कोणाला सांगत नाही. मी बाजारात ठेवायला शिपाईसुद्धा खानदेशातून नुकताच बदलून आलेला निवडला, ज्याला इथलं कोणी ओळखत नव्हतं आणि ज्याला इथलं काहीच कळत नव्हतं. बेत गुप्त राहिला. एवढ्या एकाच गोष्टीत मला यश आलं.

नवव्या की दहाव्या दिवशी शिपाई घामाघूम होऊन सायकलवरून आला. साध्या वेशात होता तरी सलाम ठोकला.

"साहेब, फूल आहे. पिवळं, चाफ्याचं."

"नक्की तीच बाई?"

"तीच साहेब. टोपलीत आज ताजं काही नाही, नुसते सुके बोंबील. आणि साहेब, बाजारातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून तिच्याकडे बघत होत्या."

"बघू दे," मी म्हणालो आणि कमरेला पट्टा बांधला.

राजोडीच्या सुरूच्या बनात आम्ही सापळा लावला. दोन पंच बरोबर घेतले, एक शाळामास्तर आणि एक ताडीच्या झाडांचा मक्ता बंद पडलेला वाडीवाला. हवालदारांना मी टांग्यात बसल्यावर कुठे चाललोय ते सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. भरतीला होडी लागली. नाखवा बैलगाडी घेऊन आधीच येऊन उभा होता. पहिल्या टोपल्या उतरल्या आणि मी शिट्टी फुंकली. पिस्तूल काढून धावलो तो ओल्या वाळूत पाय रुतला, मी गुडघ्यावर आलो आणि टोपी उडून पाण्यात गेली. ती तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, उचलून मला परत दिली. कोणी पळालं नाही. वर मासळी, खाली बाटल्या, आणि मेणकापडात बांधलेली घड्याळं. मुद्देमाल जप्त केला, पंचनामा झाला, नाखवा, तांडेल आणि पाच खलाशी ताब्यात घेतले. त्या पाचात तिचा भाऊ होता. दांडगा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. बेडी घालताना म्हणाला, "सायब, घरी निरोप द्या, आज जेवायला नाय." सगळे हसले. मीही हसलो.

स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून.' ते वाक्य नेहमीचंच, पण त्या दिवशी मी ते वळणदार अक्षरात लिहिलं.

चौकशी सुरू झाली. नाखवा तोंड उघडेना. पुस्तकात आरोपीच्या तोंडावर दिवा मारतात. मी दिवसाढवळ्या त्याला खिडकीसमोर बसवलं, तर तो म्हणाला, वारा बरा लागतो. हवालदारांनी दुसरीच वाट धरली. तांडेलाला चहा दिला, तंबाखू दिली, यंदा पापलेट कसं लागलं ते विचारलं. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की पुढचं आपोआप येतं, ही त्यांची चौकशीची पद्धत. दुसऱ्या दिवशी दुपारी तांडेलाने मुंबईच्या व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. तपासातला मोठा दुवा हाती आला. जबानीवर अंगठा झाला आणि मी इतका फुगलो होतो की उगाच एक प्रश्न जास्त विचारला.

"काय तांडेल, पकडले जाल असं वाटलं होतं का कधी?"

तांडेल पन्नाशीचा, शांत माणूस. तो अंगठ्याची शाई पुसत म्हणाला, "आमाला काय ठावं, आमी दर्यात होतो. पन गावाला दुपारच्या आधीच समजलं होतं. काल बायको भाकर घेऊन आली, तिनं सांगितलं. होडी पान्यात, निरोप धाडायचा कसा?"

"काय समजलं होतं?"

"दादला मेलेली बाय केसात चाफा घालून बाजारात बसली. आमच्यात दोन वर्सं, चार वर्सं नाय सायब, मरेपर्यंत घालत नाय. आनि त्याच दुपारी तुमी राजोडीला. गाव काय आंधलं हाय?"

मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला होता.

तांडेल पुढे म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता म्हणून मला जास्त भीती वाटली. "आता गाव दोन बाजूंनी बोलतंय. काय जन म्हनतात चुगली केली. काय जन म्हनतात बायचा पाय घसरला, कोन तरी गाठला. चुगली असंल तर तिला कोनी सांगितलं? भावानंच ना? उद्या तो जामिनावर सुटला, पुन्हा होडीवर गेला. दर्यात एकटा मानूस केवढा?"

त्याला कोठडीत पाठवल्यावर हवालदारांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "सायब, फुलाची खूण तुमी दिली?"

मी मान हलवली.

"त्यांचा देव येगला, पन चाली आमच्यासारक्याच. तुमी मला एक शब्द इचारायला पाह्यजे होता."

पुढची हकिगत मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, हवालदारांनी सांगितलेली आहे. त्या रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर तिथल्याच पडवीत गावच्या जाणत्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. फूल कशाला माळलं, विचारलं. फूल तिने शेजारणीकडून मागून घेतलं होतं, ती शेजारीण साक्षीला होतीच. पोलिसांनी सांगितलं म्हणून, असं ती म्हणाली असती तर तिचं चारित्र्य वाचलं असतं आणि भाऊ गेला असता. ती म्हणाली, "एका मानसासाठी माळलं."

"कोन तो?"

"ते नाय सांगनार."

एवढंच. गावाने ते मानलं, कारण असली गोष्ट मानायला गावाला पुरावा लागत नाही. चुगलीचं बोलणं बंद पडलं. मग त्या माणसाचाही शोध लागला: नऊ-दहा दिवस बाजारात तिच्या समोर उभा राहून तिच्याकडे टक लावून बघणारा तो परका जवान. म्हणजे माझा शिपाई.

भाऊ जामिनावर सुटून घरी गेला तेव्हा त्याला हे सगळं आयतं ऐकायला मिळालं. ज्याच्या जिवासाठी तिने हे ओढवून घेतलं त्या भावाने तिची भांडी, गोधडी आणि टोपली दाराबाहेर ठेवली. ती त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर सगळंच फुकट गेलं असतं.

हवालदार मला म्हणाले, "सायब, तुमी भावाला चौकीत बोलवा. दार लावून सांगा. मी बसतो संगती. तो गप ऱ्हाईल, त्याचाच जीव हाय."

हे करता येण्यासारखं होतं. पंधरा मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मी म्हणालो, खटला उभा राहू दे, आत्ता खबऱ्याचं नाव फुटलं तर बचावाचा वकील केसची वाट लावेल. मग म्हणालो, तिनेच नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय, मी शब्द दिलाय. दोन्ही कारणं कागदावर बिनतोड होती. खरं कारण असं, की भावासमोर बसून मला फुलाची गोष्ट सांगावी लागली असती आणि ती कल्पना माझी होती असं म्हणावं लागलं असतं. माझी तेवढी छाती झाली नाही. त्याच आठवड्यात वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. परेडवर शाबासकीचं पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारांनी दोनच टाळ्या वाजवल्या आणि हात मागे बांधले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी ती चौकीत आली. मुंबईला मावशीकडे कायमची निघाली होती. डोक्यावर तीच टोपली, तिच्यात कपड्यांचं गाठोडं. केस घट्ट बांधलेले. मी उभा राहिलो. एका कोळणीसाठी फौजदार उभा राहत नसतो त्या काळी, पण मी राहिलो आणि मग काय करावं ते न सुचून उभाच राहिलो.

ती म्हणाली, "भाव होडीवर जात नाय आता. नाखवाची होडी सरकारात जमा झाली ना. मिठागरावर लागलाय. तुमचं देव भलं करो."

मला बसावंसं वाटलं. ती शिव्या द्यायला आली असती तर मी सोसल्या असत्या.

"सायब, एक इचारू? राग नाय ना येनार?"

"विचार."

"त्या दिवशी माझ्या टोपलीत ताजी मासली नव्हतीच. किनाऱ्यावर बायांना बंदी, मग ताजं आननार कुठून? घरातले सुके बोंबील घेऊन बसले होते. रोज ताजं इकनारी बाय सुकं घेऊन बसली, तेवढं बघून तुमच्या मानसाला समजलं असतं. गावाला पन काय वाटलं नसतं, आमच्या होडीच्या सगल्याच बाया सुकं घेऊन बसल्या होत्या. मंग फूल कशाला पाह्यजे होतं?"

शिपायाने मला सांगितलं होतं. 'टोपलीत आज ताजं काही नाही, नुसते सुके बोंबील.' मी ते ऐकलं होतं. तिने पहिल्या दिवशी कामाची रीत सांगितली त्यातच खूण होती. तिच्या रोजच्या धंद्यात, तिच्या टोपलीत, फुकटची, कोणाच्या डोळ्यांवर न येणारी. मला वाटत होतं की साध्या माणसाच्या हालचालींना अर्थ नसतो, तो संकट आल्यावर येतो आणि तो आपण द्यायचा असतो. तिच्या गावात प्रत्येक गोष्टीला अर्थ आधीपासूनच होता. तो मला वाचता येत नव्हता.

ती उत्तराची वाट बघत होती. माझ्या टेबलाचा खण अर्धा उघडा होता.

मी म्हणालो, "सरकारी कामात पद्धत ठरलेली असते, बाई. खूण नेमून द्यावी लागते."

तिने मान डोलावली. चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. "तेच म्हटलं मी. काय तरी कायदा असंल. म्हनून तर मी त्या दिवशी नाय म्हटलं नाय."

हवालदारांनी पुढे होऊन टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली आणि ते तिला स्टेशनच्या वाटेपर्यंत पोचवून आले. त्या दिवशी ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. पुढे माझी बदली झाली, बढतीही झाली. त्या खटल्यात शिक्षा झाल्या. भावाला थोडक्या महिन्यांची झाली, ती भोगून तो परत मिठागरावर गेला. निवृत्त झाल्यावर हवालदारांनी मला एक पत्र लिहिलं होतं. त्यात होतं, भाऊ बरा आहे, पोरं मोठी झाली, बहिणीचं नाव घरात काढू देत नाही. मी त्या पत्राला उत्तर पाठवलं, पीकपाणी कसं आहे ते विचारलं. भावाला पत्र लिहावं असं अनेकदा मनात आलं. दोनदा लिहिलंही. टाकलं नाही.

या केसने मला काय शिकवलं, असं लेखाच्या शेवटी लिहायची प्रथा आहे. शिकवलं बरंच, आणि पुढच्या नोकरीत मी परक्या गावात हवालदाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. पण त्या शिकवणीची फी दुसऱ्या कोणी भरली, म्हणून ती मिरवण्यात अर्थ नाही. रहस्यकथा मी अजून वाचतो. फक्त एक सवय लागली आहे. गोष्टीत एखादी साधी बाई आली, आणि तिच्यावर काही ओढवणार असं दिसलं, की मी आधी शेवटचं पान उघडून ती घरी आली का ते बघतो. चिटणीस म्हणतात, असं केल्याने मजा जाते. जाऊ दे.

त्या कादंबरीतली टायपिस्ट घरी येते. दारात तिचा भाऊ उभा असतो आणि तो तिच्या केसांतलं फूल काढून देवापुढे ठेवतो. ते पान मला पाठ आहे. माझ्या चौकीत आलेल्या बाईला मी खोटं उत्तर दिलं आणि ती ते खरं मानून गेली. ती आज असली तर म्हातारी झाली असेल. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणी हा लेख तिच्यापर्यंत पोचवलाच तर एवढं वाचून दाखवा: बाई, पद्धत नव्हती, कायदाही नव्हता. फुलाचं मी एका पुस्तकात वाचलं होतं.